अनुमानाचा अधिकार

जी वस्तू आपल्या डोळ्यांस दिसत नाही व हातास लागत नाही, तिच्याविषयी ‘ती अशीच आहे’ असे निश्चयाने बोलण्याचा अधिकार मनुष्यास कोठून प्राप्त होतो? हा प्रश्न आमच्याकडे फार जुना आहे. चार्वाकांनी त्याचे उत्तर सरळच देऊन टाकले होते. प्रत्यक्ष तेवढेच प्रमाण. असा अधिकार कोणासही नाही. माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहाच्या आरंभीच हे मत मांडले आहे, आणि ते वाटते तितके पोरकट नाही. डोंगरावर धूर दिसला म्हणून तेथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. परंतु जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हा नियम सर्व देशांत व सर्व काळांत पडताळून कोण आला आहे? नैयायिकांनी ह्या आक्षेपास उत्तर देण्यात शतके खर्च केली. तथापि शेजारच्या घरातून धूर निघताना दिसला, तर चार्वाकही पाण्याची घागर घेऊन धावला असता, यात आम्हांस संशय वाटत नाही. अनुमानावाचून संसाराचा गाडा एक दिवसही चालावयाचा नाही. म्हणून खरा प्रश्न अनुमान करावे की न करावे हा नव्हे; कोणते अनुमान करण्याचा आपणांस अधिकार आहे व कोणते करण्याचा नाही, हा आहे. त्याच्याच पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. चुकीचे अनुमान हा केवळ बुद्धीचा दोष की त्यात नीतीचाही काही अंश आहे?

ह्या प्रश्नांचा विचार करण्यास आम्ही आकाशातील एक उदाहरण घेतो. पृथ्वीवरील बहुतेक वस्तूंच्या बाबतीत अनुमान फसले तर जवळ जाऊन पाहता येते. ताऱ्यांच्या बाबतीत ती सोय नाही. तेथे साक्षीदार एकच, तो म्हणजे प्रकाश. आणि त्याची उलटतपासणी घेतल्यावाचून दुसरा उपाय नाही. म्हणून अनुमानाचे गुणदोष तेथे जितके स्वच्छ दिसतात तितके अन्यत्र दिसत नाहीत.

फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत ह्याने १८३५ साली असे प्रतिपादन केले की, ताऱ्यांचे आकार, अंतरे व गती मनुष्यास कदाचित समजतील, परंतु ते कोणत्या द्रव्यांचे बनलेले आहेत हे त्यास कधीही समजणार नाही. कोंत १८५७ साली वारला. पुढे दोनच वर्षांनी, १८५९ साली, हायडेलबर्ग येथे किर्खोफ व बुन्सेन ह्यांनी दाखवून दिले की, प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूप झाले म्हणजे आपल्या ठरावीक रंगांच्या रेषा प्रकाशात उमटविते. लोलकातून गेलेल्या प्रकाशाचा जो पट्टा, ज्यास आपण वर्णपट म्हणतो, त्यात ह्या रेषांच्या जागा पाहिल्या की मिठातील सोडियम कोणता व लोखंड कोणते हे ओळखता येते. मग ते दिव्याच्या ज्योतीत असो की सूर्यात असो. कोंतने अशक्य म्हणून ज्यास सीमा घातली होती, ती अशा रीतीने ओलांडली गेली.

परंतु जे साधन हाती आले, त्याने एकाच युक्तिवादातून एकदा सत्य दिले व एकदा भ्रम दिला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्या वेळी गुंटूर येथे झान्सेन ह्या फ्रेंच ज्योतिर्विदाने, व त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रहणावाचूनच इंग्लंडमधून नॉर्मन लॉकियर ह्याने, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट तपासला. त्यात एक पिवळी रेषा होती, ती सोडियमच्या जागी बसेना. लॉकियरने तर्क केला की हे पृथ्वीवर न सापडलेले एक नवीन द्रव्य असावे. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्यास हेलियम म्हटले गेले, आणि १८९५ साली रॅम्झे ह्यास ते एका खनिजातून पृथ्वीवरच मिळाले. आता दुसरी बाजू पाहा. १८६४ साली विल्यम हगिन्स ह्यास कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघात हिरव्या रेषा आढळल्या. त्याही कोणत्याच ज्ञात द्रव्याशी जुळेनात. तेव्हा तेथेही नवीन द्रव्य कल्पिले गेले व त्यास पुढे नेब्युलियम हे नाव मिळाले. सूर्याच्या प्रभामंडलातील एका हिरव्या रेषेसाठी कोरोनियम हे तिसरे द्रव्य कल्पावे लागले. परंतु १९२७ साली आयरा बोवेन ह्याने सिद्ध केले की नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आपला नित्याचा प्राणवायू. आणि १९४० च्या सुमारास असे ठरले की कोरोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड. द्रव्य जुनेच होते. केवळ अवस्था अपरिचित होती.

येथे जाता जाता एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. हेलियमचा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून लागला असे आमच्या कोकणात अभिमानाने सांगतात. लॉकियर विजयदुर्गास आला होता हे खरे. परंतु तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि १८६८ साली तो इंग्लंडातच होता. दोन खऱ्या गोष्टी जवळ ठेवल्या की मन त्यांचा सांधा आपल्या सोयीप्रमाणे जुळवून टाकते. अनुमानाचा मोह केवढा असतो ह्याचा हा घरचाच दाखला होय.

मग हेलियमचे अनुमान खरे का ठरले व नेब्युलियमचे खोटे का ठरले? न्यायशास्त्रात ह्याचे उत्तर देण्यास योग्य असा एक शब्द आहे. तो म्हणजे ‘उपाधी’. धूर आहे म्हणून अग्नी आहे हे अनुमान शुद्ध. परंतु अग्नी आहे म्हणून धूर आहे हे अनुमान अशुद्ध, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. धूर होण्यास ओले इंधन लागते. ही जी न सांगितलेली अट, तिलाच उपाधी म्हणतात. नेब्युलियमच्या अनुमानात अशीच एक उपाधी लपली होती. ‘जी रेषा प्रयोगशाळेत कोणत्याही ज्ञात द्रव्यापासून निघत नाही, ती अज्ञात द्रव्याची असली पाहिजे’ हा नियम शास्त्रज्ञांनी गृहीत धरला होता. परंतु प्रयोगशाळेतील वायू कितीही विरळ केला तरी तेजोमेघापेक्षा कित्येक पटींनी दाट असतो. त्या दाटीत अणू एकमेकांवर आदळतात आणि ती रेषा उमटविण्याची त्यांस सवडच मिळत नाही. तेजोमेघातील विलक्षण एकांतात ती सवड मिळते. म्हणजे नियम होता तो केवळ दाट वायूपुरता होता. ती अट कोणी बोलून दाखविली नव्हती, कारण तिच्याबाहेर कोणी कधी गेलेच नव्हते. आमचे मेघनाद साहा ह्यांनी १९२० साली हाच धडा अधिक व्यापक रूपाने दिला. ताऱ्याताऱ्यांच्या वर्णपटांत जे मोठे भेद दिसतात ते मुख्यत्वे द्रव्यांच्या भेदामुळे नसून उष्णतेच्या भेदामुळे आहेत, असे त्यांच्या समीकरणावरून निष्पन्न झाले.

आता आम्ही ज्या ताऱ्याकडे वाचकांस नेऊ इच्छितो, तो गरुड तारकासमूहात आहे. आपले श्रवण नक्षत्र त्याच समूहातले. परंतु हा तारा दुर्बिणीवाचून दिसत नाही. पृथ्वीपासून तो सुमारे १८,००० प्रकाशवर्षे दूर आहे. स्टीफनसन व सॅंड्युलीक ह्या अमेरिकेतील दोन ज्योतिर्विदांनी १९७७ साली हायड्रोजनची तेजस्वी रेषा दाखविणाऱ्या ताऱ्यांची एक यादी छापली. तीत ह्याचा अनुक्रम ४३३ होता, म्हणून त्या दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून त्यास एस. एस. ४३३ म्हणतात. १९७८ साली क्लार्क व मर्डिन ह्यांनी ऑस्ट्रेलियातील मोठ्या दुर्बिणीतून त्याचा वर्णपट घेतला. रेडिओलहरी व क्ष-किरण टाकणारी जी एक वस्तू एका जुन्या ताऱ्याच्या स्फोटाच्या अवशेषात सापडली होती, ती हाच तारा होय असे त्यांनी ओळखले. वर्णपटात हायड्रोजन व हेलियमच्या रेषा आपापल्या जागी होत्याच. परंतु त्यांच्या जोडीस आणखी कित्येक ठळक रेषा अशा ठिकाणी होत्या की जेथे कोणत्याही द्रव्याची रेषा असावयास नको.

शंभर वर्षांपूर्वीचा ज्योतिर्विद असता तर त्याने बहुधा नवीन द्रव्याचे नाव शोधण्यास आरंभ केला असता. परंतु मधल्या काळात नेब्युलियमने सर्वांस शहाणे केले होते. ब्रूस मार्गन व त्याचे सहकारी ह्यांनी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेतून १९७८-७९ साली ह्या रेषा वारंवार पाहिल्या, तेव्हा त्या जागच्या जागी राहत नाहीत, रात्रीमागून रात्र सरकत जातात, असे दिसून आले. नीट पाहता त्यांचे दोन संच होते. एक तांबड्या रंगाकडे सरकलेला व दुसरा जांभळ्याकडे. दोन्ही संच हायड्रोजन व हेलियमचेच. दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर उतरतो व जवळ येणाऱ्या गाडीचा चढतो, तसेच प्रकाशाचेही होते. दूर जाणाऱ्या वस्तूच्या रेषा तांबड्याकडे व जवळ येणाऱ्या वस्तूच्या जांभळ्याकडे सरकतात. तेव्हा हा एकच तारा एकाच वेळी आपल्याकडे येत होता व आपणांपासून पळतही होता. त्याचे वेग तांबड्या बाजूस सेकंदास सुमारे ५०,००० किलोमीटरपर्यंत व जांभळ्या बाजूस सुमारे ३०,००० किलोमीटरपर्यंत जात. आपल्या आकाशगंगेतील कोणत्याही ताऱ्याच्या अंगी असा वेग असल्याचे कोणी ऐकले नव्हते.

फेबियन व रीस ह्यांनी १९७९ साली सुचविले की तारा स्वतः धावत नसून दोन विरुद्ध दिशांनी द्रव्याचे झोत फेकीत असावा. त्याच वर्षी मिलग्रोम ह्याने, आणि एबेल व मार्गन ह्यांनी, असे मांडले की ज्या आसावरून हे झोत निघतात तो आस वेग मंदावलेल्या भोवऱ्याच्या दांड्यासारखा डुलत असावा. १६२ दिवसांच्या सुमारास त्याचा एक फेरा पुरा होतो. झोत कधी किंचित आपल्याकडे वळतात, कधी किंचित परतात, आणि मधे दोन वेळा आपल्या दृष्टीस अगदी आडवे होतात. झोतांचा खरा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे २६ शतांश, म्हणजे सेकंदास सुमारे ७८,००० किलोमीटर, असा निघाला. पुढे १९८० साली आणखी असे आढळले की हा एक तारा नसून जोडी आहे. सुमारे १३ दिवसांत दोघे एकमेकांभोवती फिरतात. एक मोठा तारा आपले द्रव्य दुसऱ्या आटोपशीर परंतु अतिजड सोबत्यावर ओततो. ते द्रव्य तबकडीच्या रूपाने भोवती फिरते. आणि गिळता येत नाही इतके झाले म्हणजे त्यातील काही भाग झोतांनी बाहेर फेकला जातो.

हे सर्व चित्र एका अरुंद पट्टीवरील काही रेषांवरून काढलेले आहे. त्यावर विश्वास का ठेवावा? आमच्या मते ह्यास तीन कारणे आहेत, आणि त्यांवरून अनुमानाच्या अधिकाराचे स्वरूप ठरते.

पहिले कारण असे की, ह्या कल्पनेने आपले भवितव्य आधीच सांगून स्वतःस धोक्यात घातले. अमुक महिन्यात रेषा अमुक ठिकाणी असतील असे तिने सांगितले, आणि दशकांमागून दशके त्या थोड्याफार फरकाने तेथेच सापडत आल्या. जी कल्पना खोटी ठरण्याची एकही वाट मोकळी ठेवीत नाही, तिच्या बाजूने कितीही दाखले जमले तरी त्यांस किंमत नसते.

दुसरे कारण स्वतंत्र साक्षीचे. १९८१ साली हेलमिंग व जॉन्स्टन ह्यांनी रेडिओ दुर्बिणींनी त्या ताऱ्याच्या परिसराचे चित्र घेतले. बागेत फिरत्या नळीतून निघालेली पाण्याची धार जशी वेटोळी होते, तसे त्या झोतांचे वेटोळे चित्रात दिसले. पुढे जपानच्या आस्का उपग्रहास क्ष-किरणांच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषाही दोन संचांत विभागलेल्या आढळल्या. ज्यांनी वर्णपट पाहून झोत कल्पिले, त्यांस हे साक्षीदार शिकवून ठेवता आले नसते.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. झोत आडवे असताना त्यांतील कोणताही आपल्याकडे येत नाही व दूरही जात नाही. तेव्हा दोन्ही संच एकमेकांत मिसळून स्थिर रेषेच्या जागी यावयास हवेत. ते मिसळतात, परंतु त्या जागी नव्हे. तांबड्या बाजूस सेकंदास सुमारे ११,००० किलोमीटरच्या जागी मिसळतात. वर ५०,००० व ३०,००० हे आकडे विषम का, हे कोडे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. दोन्ही कोड्यांचे उत्तर एकच आहे. वेगाने जाणाऱ्या वस्तूचे घड्याळ आपणांस मंद चाललेले दिसते असे आइनस्टाइनने १९०५ साली सांगितले होते, आणि ७८,००० किलोमीटरच्या वेगाचा हिशेब केला तर प्रकाशाचे हे मंदावणे साडेतीन शतांशांच्या आसपास, म्हणजे बरोबर तेवढेच निघते. जो फरक कल्पनेच्या मुळावर येतो की काय असे वाटावे, तोच तिचा सर्वांत खंबीर पुरावा ठरला. खऱ्या अनुमानाचे हे एक लक्षण आहे की, त्यास अडचण वाटणारी गोष्ट लपवून ठेवावी लागत नाही.

ह्याच शोधात संयमाचा एक धडाही आहे. ते आटोपशीर सोबती म्हणजे कृष्णविवर की न्यूट्रॉन तारा, व त्याचे वजन किती, याविषयी ज्योतिर्विदांत अनेक वर्षे वाद झाला. पुष्कळांचा कल कृष्णविवराकडे आहे. परंतु तबकडीतून उसळणाऱ्या वाऱ्याने आतील सर्व झाकले असल्यामुळे निरनिराळ्या मापनांतून निरनिराळी वजने निघतात, आणि ती तशीच छापली जातात. झोतांचा वेग दोन अंकांपर्यंत ठाऊक, आणि झोत फेकणाराची ओळख मात्र अपुरी! तरीही २०२४ साली नामिबियातील वेधशाळेच्या शास्त्रज्ञांनी हेच झोत ताऱ्यापासून सुमारे ७५ प्रकाशवर्षांवर गॅमा किरणांत एकाएकी पुन्हा प्रकट होतात असे दाखविले. एका बाबतीतील अज्ञान कबूल केल्याने दुसऱ्या बाबतीतील ज्ञानास कमीपणा येत नाही.

आता ताऱ्यावरून खाली उतरू. मनुष्याचे अंतःकरण हेही एक असे स्थळ आहे की जेथे दुसऱ्या कोणास जाता येत नाही. त्याचे बोलणे, वागणे, मुद्रा ह्या काही रेषा तेवढ्या आपणांपर्यंत पोहोचतात, आणि त्यांवरून आपण दररोज निवाडे देत असतो. सदा हसतमुख असणारा कारकून एकाएकी खेकसू लागतो. हुशार मुलाचे अभ्यासातून लक्ष उडते. नवी सून घरात अबोल राहते. रेषा ठरल्या जागी नाही असे दिसताच आपण म्हणतो, ‘त्याचा स्वभावच तसला’, ‘ती मुळातच घुमी’. म्हणजे आपण एक नवीन द्रव्य कल्पितो. कारकुनाच्या घरी आजारपण आहे काय, मुलास शाळेत कोणी छळते काय, सुनेस बोलण्याची मोकळीक आहे काय, हे विचारणे म्हणजे उपाधी शोधणे होय. ते काम कष्टाचे आहे आणि त्यात कदाचित आपल्याही वागणुकीचा झाडा द्यावा लागतो. म्हणून आपण नवीन द्रव्याच्या कल्पनेवर भागवितो.

घरात ह्या आळसाचे फळ एखादे मन दुखावण्यापुरते असते. समाजात ते कायद्याचे रूप घेते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ नंतर देशात अन्यत्रही लावता येऊ लागला. गुन्हेगारी हा काही जातींचा जन्मसिद्ध धर्म आहे, असे त्याचे मूळ अनुमान होते. आमच्या प्रांतात पारधी, कैकाडी इत्यादी जमातींस त्याचा जाच झाला. नावनोंदणी व हजेरी त्यांच्या मागे लागल्या, आणि सोलापुरास तर तारेच्या कुंपणातील वसाहत झाली. रानावरील हक्क गेले, पाठीवर माल वाहून करावयाचा फिरता धंदा आगगाडीने बुडविला, गावात कोणी उभे करीना, ह्या उपाधींकडे कायद्याने पाहिले नाही. त्याने रक्तातच एक नेब्युलियम कल्पिले. शिवाय ही कल्पना अशी रचली होती की तिला खोटे ठरण्याची वाटच नव्हती. चोरी झाली तर जातीचा गुण, न झाली तर पहाऱ्याचा गुण! स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला. परंतु कोठे चोरी झाली की पोलिसांच्या आधी गावकऱ्यांचे पाय पारध्यांच्या पालाकडे वळतात, असे प्रकार अद्यापही घडतात. नेब्युलियम पुस्तकातून गेले. लोकांच्या मनातून जावयाचे आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सर्वच दोष परिस्थितीवर लोटले तर जबाबदारी कोणाची? हेलियम हे खरोखरच नवीन द्रव्य निघाले. तसा जगात खरोखरीचा दुष्ट माणूस नसतोच काय? असतो. आमचे म्हणणे सर्वांस निर्दोष ठरवा असे नाही. परिस्थितीची सबब हीदेखील एक कल्पनाच आहे आणि तिलाही त्याच तीन कसोट्या लागू आहेत. लाडक्या मुलाच्या प्रत्येक अपराधास मित्रांची संगत हे कारण सांगणारी आईही कल्पनेस खोटे ठरण्याची वाट ठेवीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, नवीन द्रव्य कल्पिण्यापूर्वी जुन्या द्रव्याच्या सर्व अवस्था तपासल्या पाहिजेत, आणि आरोपाचा बोजा जितका जड तितकी तपासणी अधिक कसून झाली पाहिजे. कारण येथे तारा व मनुष्य ह्यांत एक मोठा भेद आहे. प्राणवायूस तेसष्ट वर्षे कोणी अन्य द्रव्य समजले, तरी प्राणवायूचे काही बिघडले नाही. मनुष्यास मात्र लोक जे समजतात ते त्याच्या वाट्यास येते. ज्यास जन्मतः चोर म्हटले त्यास कोणी काम देत नाही, आणि ज्यास कोणी काम देत नाही तो पुढेमागे चोरी करतो. मग पहिले अनुमान खरे ठरले म्हणून आपण समाधान मानतो. आकाशाविषयीचे खोटे अनुमान खोटेच राहते. मनुष्याविषयीचे खोटे अनुमान स्वतःस खरे करून घेते.

म्हणूनच आरंभी उपस्थित केलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही होकारार्थी देतो. न पाहिलेल्या वस्तूविषयी बोलण्याचा अधिकार मनुष्यास आहे, परंतु तो जन्मतः मिळत नाही. उपाधी शोधण्याचे कष्ट, खोटे ठरण्याची तयारी आणि जेथे पुरावा संपतो तेथे थांबण्याचा प्रामाणिकपणा देऊन तो मिळवावा लागतो. ही किंमत न भरता जो निवाडा देतो, त्याचा निवाडा योगायोगाने खरा निघाला तरी तो त्याच्या हक्काचा नव्हे. अठरा हजार वर्षे प्रवास करून आलेल्या अंधूक प्रकाशाची जी माणसे इतक्या दक्षतेने जबानी घेतात, त्यांच्या दक्षतेचा काही अंश आपण शेजारच्या माणसाच्या बाबतीत खर्च करावयास काय हरकत आहे?